बोर्ड गेलंय, साहेब!

आमच्या जळगावात यंत्रांना दोनच आजार होतात. यंत्र जुनं असेल तर "आता याचे पार्ट येत नाहीत" आणि नवं असेल तर "बोर्ड गेलंय, साहेब!" तिसरा आजार वैद्यकाला अजून सापडलेला नाही. मिक्सर घ्या, वॉशिंग मशीन घ्या, दुकानदार वस्तूकडे न बघता माझ्या खिशाकडे बघतो आणि निदान सांगतो. गेली बावीस वर्षं काउंटरच्या आतून लोकांचे तक्रार अर्ज घेतोय. आज एक माझा. पोच मिळाली नाही तरी चालेल.

निमित्त आहे आमच्या चिरंजीवांची गिटार. ही साधी गिटार नव्हे. साध्या इलेक्ट्रिक गिटारीत तारांखाली चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार असते. वरची तार थरथरली की खाली वीज थरथरते आणि तीच पुढे स्पीकरमधून शेजाऱ्यांकडे जाते. आमची ती 'मॉडेलिंग' जातीची. हिच्या घोडीत प्रत्येक तारेखाली स्फटिकाचा एकेक तुकडा, म्हणजे पिझो. दाब पडला की तो वीज देतो. सहा तारांचे सहा हिशेब वेगवेगळे पोटातल्या चिपकडे जातात आणि चिप हुकमाप्रमाणे आवाज घडवते. खटका फिरवा, बारा तारांची गिटार. अजून फिरवा, सतार. अजून फिरवा, बेंजो. बहुरूपीच तो! रोलँडने १९९५ साली काढलेल्या व्हीजी-८ मध्ये हा मेंदू वेगळ्या पेटीत होता, पेटी जमिनीवर ठेवावी लागे. पुढे लाइन सिक्स कंपनीने 'व्हेरिअ‍ॅक्स' काढून तो गिटारीच्याच पोटात घातला. आमची गिटार कोणत्या कंपनीची हे सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता.

ही वस्तू चिरंजीवांनी पुण्याहून सेकंडहँड आणली. पैसे माझ्या रजेच्या रोखीकरणाचे. म्हणजे मी न घेतलेल्या सुट्ट्या आता आमच्या हॉलमध्ये वाजत होत्या.

मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना, ती खरखरायला लागली. मग मधूनच गप्प होऊ लागली. रात्री भरून ठेवलेली बॅटरी सकाळी रिकामी. त्यात चौथी तार अशी क्षीण झाली की ऐकायला कान घोडीला लावावा लागे. पहिल्या दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, झाकण लावलं आणि म्हणाला, "बोर्ड गेलंय." दुसऱ्याने झाकणही उघडलं नाही. त्याचा अनुभव जास्त होता. फोनवर एक जाणकार म्हणाले, "सॉफ्टवेअर नवीन टाकून बघा." ते टाकताना मध्येच वीज गेली तर गिटार कायमची मुकी होऊ शकते असं कळल्यावर मी पाऊण तास देवघर आणि मीटरबोर्ड यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होतो. सॉफ्टवेअर व्यवस्थित बसलं. खरखरही नव्या आवृत्तीत व्यवस्थित ऐकू येऊ लागली.

नवीन बोर्डाची किंमत विचारली, तर ती गिटारीहून जास्त! मी चिरंजीवांना म्हटलं, "विकून टाकू. भंगारात काय येईल ते येईल." तो काही बोलला नाही. गिटार पिशवीत घातली, पलंगाखाली सरकवली आणि बारावीचं पुस्तक उघडून बसला. त्याने न सांगता पुस्तक उघडलं तेव्हा सौ.सुद्धा घाबरली.

आता इथे माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की नवी वस्तू हा भांडवली खर्च आणि दुरुस्ती हा महसुली. भांडवली खर्च ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला ऐटीत बसतो. दुरुस्ती बिचारी नफा-तोटा खात्यात तोंड लपवून खर्ची पडते. नवा टीव्ही आणला की पेढे वाटतात; जुन्याचा लूज कॉन्टॅक्ट काढला म्हणून पेढे वाटलेले तुम्ही कधी खाल्लेत? सगळा समाज भांडवली खर्चाच्या बाजूने उभा आहे. दुकानदार त्याच समाजातून येतो, त्याला एकट्याला कशाला बोलू? आम्ही गिऱ्हाईकसुद्धा 'बोर्ड गेलंय' ऐकून मनातून सुखावतो. बोर्ड जाणं यात प्रतिष्ठा आहे. नट ढिला होता असं चारचौघांत कसं सांगायचं?

तर मामेबहिणीच्या लग्नाला धुळ्याला जायचं होतं. मामांच्या गल्लीत एक आप्पा राहतात, आयुष्यभर बेंजो पार्टीत वाजवलं. बेंजो म्हणजे अमेरिकन गोल तोंडाचा नव्हे हो. आपला वरातीतला, म्हणजे बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज जपानी, ताइशोगोतो. १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरो यांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवली आणि तो जन्मला. टायपिंगची परीक्षा मीही दिली आहे, पण माझ्या बटणांतून कधी वरात निघाली नाही. या वाद्याला पिकअप बसवायचा, अँप्लिफायर जोडायचा, टेम्पोवर जनरेटर ठेवायचा आणि उन्हात, धुळीत, गुलालात, वर पाहुण्यांच्या अंगावर नाचत पाच तास वाजवायचं. तिथे वाद्य बंद पडलं तर वराकडचे लोक बोर्ड येईपर्यंत थांबत नाहीत.

मी आप्पांना सगळा इतिहास सांगितला. पिझो सांगितला, चिप सांगितली, सॉफ्टवेअर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी वायर देख ना भो!"

वायर! मला कुणी वायरीबद्दल विचारलंच नव्हतं. आप्पांनी आधी दुसरी वायर लावली. खरखर तशीच. मग पिन हलवली, तर सबंध जॅक गिटारीत गरगर फिरला. नट ढिला. पिन घालता-काढता जॅक फिरायचा आणि आतल्या वायरीला पीळ बसायचा. उघडलं तर सोल्डरिंगला केसाएवढी चीर. गरम आयर्न टेकवला, थेंबभर सोल्डर, नट आवळला. संपलं. मग बॅटरी. "वायर रात्रभर खुपसून ठेवतो का रे?" चिरंजीवांनी मान खाली घातली. या गिटारीला वेगळं बटण नाही. पिन आत गेली की ती चालू. आमची गिटार रोज रात्रभर जागीच होती, बिनवाजवता. बॅटरी उन्हात तापवू नको, हेही आप्पांनी बजावलं.

चौथ्या तारेचं दुखणं सगळ्यात लाजिरवाणं. घोडीत तार जिथे टेकते तिथे गंज आणि घामाचा मळ साचला होता, तार स्फटिकावर नीट बसतच नव्हती. दाब नाही तर वीज कुठून येणार? ब्रशने साफ केलं, सहाही तारा नव्या घातल्या. मग सूर लावताना आप्पांनी एक गोष्ट विचारली ती मला फार आवडली. "तारच बेसूर असली, तर आतला कॉम्प्युटर काय करील?" काय करणार! खटक्यावर जितक्या गिटारी असतील तितक्या बेसूर करील. आमच्या बँकेत व्हाउचरवर आकडा चुकला की कॉम्प्युटर तो चुकीचाच, पण फार सुबक छापून देतो, तसं. खरखरणाऱ्या बटणात कॉन्टॅक्ट स्प्रेचा फवारा मारला, वीस वेळा इकडून तिकडे फिरवलं. तारा सोडून एकूण खर्च शंभर रुपये, तेही मी बळेच खिशात कोंबले.

बोर्ड जातच नाही असं मी म्हणत नाही. जातं. माणूसही जातो. पण म्हणून सर्दीच्या पेशंटला डॉक्टर पहिल्याच भेटीत सुतकाचे नियम सांगत नाही. आधी जीभ बघतो, नाडी बघतो, थर्मामीटर लावतो. वायर, नट, बॅटरी, तार हे बघायला पंधरा मिनिटं लागतात आणि ती न बघता माझ्या तीन महिन्यांच्या हप्त्याएवढा आकडा सांगणाऱ्याला मी कारागीर म्हणायला तयार नाही. तो फक्त विक्रेता. त्याने तसा बोर्ड तरी लावावा.

रात्री हळदीच्या मांडवात चिरंजीवांनी गिटार जोडली. सहा तारा खणखणीत. आप्पा खुर्ची ओढून पुढे बसले होते. त्यांच्या मानासाठी म्हणून पोराने खटका फिरवून खास बेंजोचा आवाज लावला. तो अर्थातच अमेरिकन निघाला, टणटण, टणटण. आप्पांनी कानाला हात लावून दोन मिनिटं ऐकलं, मग माझ्याकडे वळले.

"भाचेबुवा," ते म्हणाले, "याचं बोर्ड गेलंय."