पेटी आणि कान

बाजाची पेटी आपल्या घरांत आतां इतकी रुळली आहे कीं, ती सातासमुद्रांपलीकडून आली हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. जळगांवचें भजनी मंडळ असो, धुळ्याचें कीर्तन असो, कीं शाळेच्या प्रार्थनामंदिरांतील उपासना असो, पेटीचा सूर लागल्याशिवाय कोणी तोंड उघडीत नाहीं. असें असूनहि पेटी शिकणाऱ्या मुलाविषयीं आपल्या पालकांची वृत्ति मात्र चमत्कारिक आहे. मूल आठवीपर्यंत वाजवितें तोंवर पाहुण्यांपुढें त्याचें कौतुक होतें; नववींत पाऊल पडलें कीं पेटी कपाटावर चढते आणि तिच्यावर जुन्या वह्या रचल्या जातात. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांबद्दल शालांत परीक्षेंत वाढीव गुण मिळण्याची सोय झाल्यापासून कांहीं पेट्या कपाटावरून खालीं आल्या, हें खरें. परंतु गुणांसाठीं उतरलेली पेटी गुण मिळतांच पुन्हां वर जाते. कांहीं सुखवस्तु घरांत तर पेटीच नको असते; विजेवर चालणारा, बटन दाबतांच तबला-तंबोरा सर्व पुरविणारा कीबोर्ड आणला म्हणजे संगीताचें कर्तव्य पार पडलें, असें समजतात. ह्या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, असें आमचें मत आहे. आणि तें पटवून देण्यासाठीं महाराष्ट्रांतील एका थोर पेटीवादकाचें चरित्र व त्याच्या वाद्याची कथा वाचकांपुढें ठेवीत आहों.

गोविंदराव टेंबे यांचा जन्म १८८१ मध्यें कोल्हापुराजवळील सांगवडें या गांवीं झाला. त्यांनीं वकिलीचा अभ्यास केला. पण मन रमलें तें गाण्यांत. कोल्हापुरांतील देवल क्लबाच्या बैठकींत त्यांच्या कानावर उत्तम गाणें पडूं लागलें. पेटी त्यांना कोणीं मांडीवर घेऊन शिकविली नाहीं. भास्करबुवा बखले यांचें गाणें ऐकावें, तें पेटींतून काढावें, चुकावें, पुन्हां ऐकावें, अशा रीतीनें ते स्वतःच शिकले. पुढें भास्करबुवांच्या साथीला ते बसूं लागले, आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचा सहवासहि त्यांना घडला. साथीचें वाद्य म्हणून ज्या पेटीकडे लोक पाहत होते, तिच्यावर स्वतंत्र मैफल रंगवितां येते हें दाखवून देणाऱ्या महाराष्ट्रांतील पहिल्या वादकांत त्यांची गणना होते.

त्यांची कारकीर्द पेटीपाशींच थांबली नाहीं. १९११ मध्यें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘मानापमान’ किर्लोस्कर मंडळीनें रंगभूमीवर आणलें. त्यांतील पदांच्या चाली टेंब्यांनीं दिल्या आणि मराठी नाट्यसंगीताला निराळें वळण लागलें. १९१३ मध्यें बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. पुढें ती सोडून त्यांनीं स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. १९३२ सालीं ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत त्यांनीं हरिश्चंद्राची भूमिका केली आणि त्याचें संगीतहि दिलें. ‘माझा संगीत व्यासंग’ व ‘माझा जीवनविहार’ हीं त्यांचीं पुस्तकें मराठी गद्याच्या वाचकानेंहि वाचावींत अशीं आहेत. १९५५ मध्यें ते निवर्तले. वादक, नट, संगीतकार, लेखक इतक्या भूमिका एका माणसानें केल्या. पण त्या सर्वांच्या मुळाशीं एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे ऐकणारा कान.

खानदेशाच्या वाचकाला या कथेंत आपुलकीचा एक धागा आहे. ज्या बालगंधर्वांसाठीं टेंब्यांनीं चाली बांधल्या, त्यांनीं बालपणीं कांहीं काळ जळगांवांत राहून महबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे घेतले होते. आज त्यांच्या नांवाचा संगीत महोत्सव याच शहरांत भरतो. तेव्हां ‘आपल्या भागांत संगीताचें काय आहे?’ असें म्हणण्याची सोय आपणांस नाहीं.

आतां वाद्याकडे वळूं. आलेक्सांद्र देबें नांवाच्या कारागिरानें १८४२ मध्यें पॅरिस येथें हार्मोनियमचें पेटंट घेतलें. तें वाद्य पायांनीं भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवावयाचें होतें. मिशनरी लोकांबरोबर तें हिंदुस्थानांत आलें. आपली बैठक जमिनीवरची. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं त्याला हाताचा भाता लावून आटोपशीर रूप दिलें. आंत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांना आपण सूर म्हणतों. भात्याची हवा पट्टीखालून गेली कीं ती थरथरते व नाद उमटतो. पट्टी लांब असेल तर सूर खालचा, आंखूड असेल तर वरचा. कारागीर तिचें टोंक किंचित् खरडतो तेव्हां सूर चढतो, बुडाशीं खरडतो तेव्हां उतरतो. खर्ज आणि नर अशा सुरांच्या रांगा एकत्र वाजूं लागल्या कीं आवाजाला भरदारपणा येतो. पूर्वी हे सूर जर्मनी व फ्रान्स येथून येत. पुढें गुजराथेंतील पालिताण्याचे सूर नांवाजले गेले.

नाटक कंपन्यांनीं पुन्हां पायपेटीचा, म्हणजे ऑर्गनचा, आश्रय केला. कारण तिचा धीरगंभीर नाद मोठ्या नाट्यगृहाला पुरत असे. गंधर्व मंडळींत हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर आणि अहमदजान थिरकवा तबल्यावर बसत. तो साथीचा थाट ज्यांनीं ऐकला, ते जन्मभर त्याच्या गोष्टी सांगत राहिले.

पण या वाद्यांत एक उणीव आहे व ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. षड्जाचीं कंपनें सेकंदाला २४० धरलीं, तर तंबोऱ्यांतून आपोआप उमटणाऱ्या शुद्ध गांधाराचीं ३०० होतात. पेटीचें सप्तक मात्र बारा समान भागांत वांटलेलें असल्यामुळें तिचा गांधार सुमारें ३०२.४ वर लागतो. पंचमांत फरक अगदींच थोडा, म्हणजे ३६० ऐवजीं सुमारें ३५९.६ इतका असतो. पण गांधाराची ती दोन-अडीच कंपनें जाणत्या कानाला खड्यासारखीं खुपतात. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पेटींतून निघत नाहीं. कारण दोन पट्ट्यांच्या मध्यें नुसती फट आहे.

ह्या दोषापायीं पेटीला शिक्षा झाली. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्य संगीताचे प्रमुख जॉन फौल्ड्स यांनीं तिच्यावर कडक टीका केली. रवींद्रनाथांनाहि ती नापसंत होती. आणि लायोनेल फील्डन हे नभोवाणीचे मुख्य असतांना मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. पेटी परकी म्हणून आपण नाक मुरडावें, आणि ती बंद करण्याचा हुकूम इंग्रजानें काढावा, ही गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. स्वातंत्र्यानंतरहि ती बंदी टिकली व १९७१ मध्यें शिथिल झाली. तीस वर्षें नभोवाणीनें दार लावून घेतलें होतें. तरी त्याच काळांत पी. मधुकर यांची पेटी मैफलींतून गाजली, आणि गोविंदराव पटवर्धन यांनीं नाट्यसंगीताची साथ एका वेगळ्याच उंचीला नेली. पुढें तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्यें पद्मश्री मिळाली. आप्पा जळगांवकर यांना २००० सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला. आडनांवावरून ते आपल्याकडचे वाटतात, पण त्यांची जडणघडण जालन्याच्या बाजूला झाली.

दुसरीकडे कांहीं लोकांनीं हुकुमाऐवजीं दुरुस्तीचा मार्ग धरला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनीं बावीस श्रुतींची पेटी बनविण्याचा उद्योग केला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत तिच्यावर पुष्कळ खल झाला. पण ती रूढ झाली नाहीं. आपल्या काळांत ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनीं तोच प्रश्न पुन्हां हातीं घेऊन बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. ह्या प्रयत्नांविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु शाळेंतल्या मुलाला अशी पेटी कोठून मिळणार? त्याला बारा सुरांच्या पेटीवरच शिकावयाचें आहे. मग उपाय एकच उरतो, आणि तो म्हणजे पेटीच्या आधीं कान तयार करणें.

गोविंदरावांच्या चरित्राचा खरा धडा हाच होय. त्यांच्या हातांतील पेटी इतरांच्या पेटीसारखीच बारा सुरांची होती. पण भास्करबुवांच्या गळ्यांतला गांधार त्यांच्या कानांत घुमत होता. म्हणून पेटीचा कोणता सूर कोठें दाबावा, कोठें नुसता शिवून सोडावा, आणि कोठें मुळींच न वाजवितां गायकाला मोकळें सोडावें, हें त्यांना उमगलें. सदोष साधनाशीं रोज झगडणारा माणूस जें शिकतो, तें निर्दोष साधन हातीं आलेल्याला बहुधा शिकतां येत नाहीं. जें मूल आधीं तंबोऱ्यावर गातें व मग पेटीला हात लावतें, त्याला पेटी फसवूं शकत नाहीं. जें पेटीवरच सूर ओळखावयास शिकतें, त्याला तिचा दोषहि गुणच वाटतो.

हीच कसोटी आम्ही विजेच्या कीबोर्डाला लावतों. तो नवा किंवा परका आहे, म्हणून आम्ही त्याचा निषेध करीत नाहीं. तसें पाहिलें तर पेटीहि एके काळीं गोऱ्यांच्या उपासनेचें परकें खोकें होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्ती उपासनेला मराठी भजनाचें वळण दिलें, आणि तेंच खोकें आपल्या चालींत बोलूं लागलें. वाद्याची जात त्याच्या जन्मगांवावरून ठरत नाहीं. त्यावर काय वाजतें यावरून ठरते. कीबोर्डावरहि उद्यां कोणी टेंबे निपजेल. त्याचें आम्ही आनंदानें स्वागत करूं. आमचा आक्षेप बटनांना आहे. ताल यंत्र धरतें, पट्टी यंत्र बदलतें, चाल भरून यंत्रच काढतें. मुलाकडे बोट हलविण्यापलीकडे काम उरत नाहीं. पेटींत निदान भाता आहे. डाव्या हातानें तो जसा हलवावा तसा नाद फुगतो, ओसरतो. गायकाचा श्वास जेथें सुटतो तेथें भात्यालाहि सुटावें लागतें. हा हात शिकला म्हणजे मूल दुसऱ्याचा श्वास ऐकूं लागतें. ज्यांच्या घरीं कीबोर्ड आलाच आहे, त्यांनीं तो परत करूं नये. पहिलें वर्षभर त्याच्या तालाच्या बटनांना मात्र हात लावूं देऊं नये.

येथें व्यवहारी पालक विचारील, ‘हें सर्व ठीक; पण पेटीनें पोट भरतें काय?’ प्रश्न रास्त आहे व त्याला उडवाउडवीचें उत्तर देणें अप्रामाणिकपणाचें होईल. टेंब्यांसारख्या गुणवंतालाहि एक मंडळी सोडून दुसरी, नाटक सोडून बोलपट, असें फिरावें लागलें. तेव्हां प्रत्येक मुलानें पेटीवादक व्हावें असें आम्ही सांगत नाहीं. त्यानें शिक्षक व्हावें, शेतकरी व्हावें, वैद्य व्हावें, केळीचा व्यापार करावा. पण त्याला ऐकतां यावें. साथीदार समोरच्याला झांकीत नाहीं. तो चुकला तर सांवरून घेतो, थकला तर भर घालतो, रंगला तर मागें सरतो. जो धंदा माणसांशीं पडतो, त्या प्रत्येक धंद्यांत हा गुण लागतो. आणि तो शिकविणारा दुसरा विषय आमच्या वेळापत्रकांत आम्हांस तरी आढळत नाहीं. दावीद राजा होण्यापूर्वीं शौलापुढें वीणा वाजवीत असे, आणि त्या सुरांनीं शौलाच्या अस्वस्थ मनाला शांति मिळे, ही कथा आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्याच्या मनाची अवस्था ओळखून वाजविणें, हेंच त्या वादनांतलें कौशल्य होतें.

म्हणून पालकांस आमची तीन मागणीं आहेत. पहिलें, मुलाच्या हातीं पेटी देण्यापूर्वीं त्याला निदान सहा महिने तंबोऱ्यावर नुसतें गाऊं द्या. तंबोरा घरीं नसेल तर आज मोबाईलवरहि त्याचा नाद मिळतो. दुसरें, कोणताहि सूर आधीं गळ्यांतून काढावा व मग बोटानें दाबावा, हा नियम घरीं पाळा. तिसरें, आणि हें सर्वांत महत्त्वाचें, नववीच्या जूनमध्यें पेटी कपाटावर चढवूं नका. रोज वीस मिनिटें वाजविल्यानें कोणाचें गणित बुडाल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. उलट दिवसभराच्या घोकंपट्टीनंतर तीं वीस मिनिटें मनाला विसांवा देतात.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांसहि एक सांगणें आहे. तुमच्या गल्लींत भजन होत असेल तेथें जाऊन बसा. मुख्य गाणाऱ्याकडे सर्वच पाहतात. तुम्ही पेटीवाल्याकडे पाहा. त्याचे डोळे पट्ट्यांवर नसतात, गाणाऱ्याच्या ओठांवर असतात. तो केव्हां थांबतो तें नीट टिपून घ्या. केव्हां वाजवावें हें कोणीहि शिकवील. केव्हां थांबावें हें मात्र तुमच्या कानालाच शिकावें लागेल.