नवा संगणक कशाला, कार्ड बदला

"अब्बा, फोर-केमध्ये गेम खेळायचा तर नवा संगणकच लागेल," असे आमचे धाकटे चिरंजीव म्हणाले. नागपूरच्या एका दुकानदाराने लगेच पूर्ण संचाचे कोटेशन हाती दिले. रक्कम पाहिली, आमच्या शहापूरच्या दुकानातला ईदचा निम्मा माल तेवढ्यात भरतो!

मी कापडवाला. विणकराला विचारतो तसे विचारले, इंचात धागे किती? साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके. फोर-केवर ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख. चौपट! पण हे ठिपके रंगवते ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरचे ओझे त्यामुळे फारसे वाढत नाही. तो अगदीच जुना नसेल तर का फेकावा?

माझ्या मते २५६० गुणिले १४४० चा मधला पडदा घ्यावा. ठिपके ३७ लाखांच्या आत, कार्डही मधल्या किमतीचे चालते. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नको. वीज कमी पडली की ऐन खेळात यंत्र बंद. जुने कार्ड स्वस्त मिळते खरे, पण बिल-वॉरंटी नसेल तर तो कटपीसचा सौदा, परत घेणार कोण?

चिरंजीवांनी शेवटी कार्ड, पडदा व पॉवर सप्लाय एवढेच आणले. डबा जुनाच आहे.