एकाच दिवशी निघालेले दोन आदेश

७ डिसेंबर २०२३ ला दिल्लीतून दोन आदेश निघाले. एकानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, दुसऱ्यानं कांद्याची निर्यात बंद केली. कारण सरकारी भाषेत ‘देशांतर्गत उपलब्धता’. सरळ सांगायचं तर लोकसभा निवडणूक तोंडावर आली होती.

साखरेचा आदेश आठ दिवस टिकला. १५ डिसेंबरला सरकार नमलं आणि १७ लाख टन साखर होईल एवढा रस आणि बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवायला मुभा मिळाली. कांद्याची बंदी मात्र ३१ मार्चपर्यंतची होती, ती मुदत संपायच्या आतच बेमुदत झाली आणि उठली थेट ४ मे २०२४ ला. तेही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क लावून.

कारखानदारांचं गाऱ्हाणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. सरकारनंच व्याजात सवलत देऊन डिस्टिलऱ्या उभ्या करायला लावल्या आणि ऐन गाळपात हात वर केले. पण गाऱ्हाणं खरं असलं म्हणून ते आठवड्याभरात ऐकलं जात नाही. त्यासाठी दिल्लीत ऊठबस लागते. सहकारी कारखान्यांचा राष्ट्रीय महासंघ तिथं आहे, खासगीवाल्यांची ‘इस्मा’ ही संघटना आहे. शिवाय चेअरमन मंडळींत आमदार, खासदार, माजी मंत्री, आणि तेही सगळ्या पक्षांचे. सरकार कुणाचंही येवो, कारखान्याचा माणूस आत असतोच. जादा ऊसदरावरच्या जुन्या आयकराचं भिजत घोंगडं त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं. २०२३ च्या अर्थसंकल्पात सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा पदरात पडला. ही चिकाटी मला कौतुकाची वाटते.

कांद्याला ती परवडत नाही. डिसेंबरात लासलगावला येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने तग धरतो, लाल कांदा काढला की विकावाच लागतो. ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत उभा, व्यापारी मूठभर माल उचलून, चोळून बघतो आणि भाव पुकारतो. पटला नाही तरी माल परत न्यायचा म्हणजे डिझेल गेलं, मजुरी गेली, वर कांदाही खराब. साखरेचं पोतं गोदामात थांबतं, त्यामुळे त्याच्या मालकालाही थांबता येतं. कांदेवाल्याच्या हाती उरतो रास्ता रोको. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला, शरद पवारही तिथं येऊन गेले. लिलाव बंद पडले, म्हणजे पुन्हा नुकसान त्याचंच.

त्यात त्याच्यासमोर आणखी एक गट उभा असतो: शहरातला गिऱ्हाईक. त्याची ना संघटना, ना कचेरी. पण १९९८ मध्ये महागलेल्या कांद्यानं दिल्ली राज्यातलं सरकार घालवलं, ही धास्ती राज्यकर्त्यांच्या मनातून अजून गेलेली नाही. इतकं स्वस्तात पडणारं वजन दुसऱ्या कुणाला लाभलं नसेल.

एप्रिल २०२४ मध्ये बंदी चालू असतानाच प्रामुख्यानं गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यात संताप उसळला. मेमध्ये मतदान झालं आणि दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. सप्टेंबरात किमान निर्यात मूल्य गेलं, शुल्क निम्म्यावर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही उठलं. कांदेवाल्याचं म्हणणं दिल्लीला पोहोचलं ते असं, मतपेटीमार्गे.

राहिली ती ऊठबस. अमेरिकेत सरकारदरबारी कोण कुणासाठी वजन खर्च करतो, किती पैसे घेतो, याची नोंद १९९५ च्या कायद्यानं करावी लागते. आपल्याकडे २०१३ मध्ये कलिकेश सिंह देव या खासदारांनी तसं खासगी विधेयक मांडलं, त्याचा कायदा काही झाला नाही. त्यामुळे ७ ते १५ डिसेंबर या आठ दिवसांत कोण कुणाला भेटलं, काय कागद दिले, हे बघायला माझ्यासारख्यानं कोणती वही मागायची?