सरहद्द ओपीडीतही आहे

म्यानमारमधले होमालिन भारताच्या हद्दीपासून जेमतेम 25 किलोमीटरवर. तिथल्या फाल्सिपेरम हिवतापाच्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत परजीवीचे के13 जनुक बदललेले आढळल्याचे 2015 साली प्रसिद्ध झाले. हा बदल असला की आर्टेमिसिनिन देऊनही परजीवी रक्तात रेंगाळतो.

औषधाला न जुमानणाऱ्या परजीवींचे सीमापार प्रवास नवे नाहीत. 1950च्या दशकाअखेर थायलंड-कंबोडिया सीमेवर क्लोरोक्विन निकामी ठरू लागले. 1973 साली तीच नोंद आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये झाली आणि दशक सरता सरता पूर्व आफ्रिकेतही. त्यामुळे सीमेवर तपासणी हवीच. पण रवांडात 2020 साली नोंदलेला के13 बदल आशियातून आलेला नव्हता. तो तिथल्याच परजीवींत उपजला होता. जे बाहेरून येते ते सीमेवर अडवता येईल; घरात उपजते त्याचे काय?

ते उपजते अर्धवट उपचारांवर. आर्टेमिसिनिन काही तासांत शरीराबाहेर जाते. उरलेले परजीवी जोडीच्या औषधाने मारायचे असतात. ईशान्येत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची ही जोड लंगडी पडली, म्हणून 2013 साली तिथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आणावे लागले. त्याचे तीन दिवसांत सहा डोस. दुसऱ्या-तिसऱ्या डोसाला ताप उतरतो, रुग्ण कामावर जातो आणि उरलेल्या गोळ्या खिशातच राहतात. उपाशीपोटी घेतलेले ल्युमेफँट्रिन तर अंगी नीट लागतही नाही.

तेव्हा तपासणीशिवाय उपचार नको. पहिला डोस जेवणानंतर किंवा दुधाबरोबर, आपल्या समोर द्यावा. अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा द्यावा. आर्टेसुनेटच्या इंजेक्शनांवर ताप उतरला म्हणून रुग्णाला तसेच घरी पाठवू नये. तोंडाने घ्यायचा एसीटीचा, म्हणजे आर्टेमिसिनिन आणि जोडीच्या औषधाचा, पूर्ण कोर्स त्यामागोमाग हवाच. गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे वगळून प्रायमाक्विनचा एक डोस विसरू नये. तो रुग्णाला बरे करत नाही, पण डासामार्फत शेजाऱ्याकडे जाणारी वाट बंद करतो. गेल्या महिन्याभरात कुठे राहिलात, कुठे कामाला होतात, हे केसपेपरवर लिहावे.

यातले सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे तिसऱ्या दिवसाचा रक्तनमुना. ताप गेलेला रुग्ण त्यासाठी परत येत नाही आणि आपणही बोलावत नाही. पूर्ण औषध घेऊन 72 तासांनंतरही काचपट्टीवर परजीवी दिसले, तर ती पट्टी जपून ठेवावी आणि जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे.

— संपादक