ओळखीच्या शब्दांची फसवणूक

दुर्बोध, कालबाह्य इंग्रजी शब्दांच्या याद्या आमचे विद्यार्थी हौसेने पाठ करतात. आम्हांला मात्र वाटते, अनोळखी शब्द वाचकाला फसवीत नाही; तो त्याला निमूटपणे कोशाकडे पाठवितो. फसवितो तो ओळखीचा शब्द.

'वेअरफोर' म्हणजे 'कोठे' नव्हे, 'का'. शेक्सपिअरची ज्यूलिएट रोमिओचा ठावठिकाणा विचारीत नाही. तो रोमिओच, म्हणजे वैऱ्याच्या कुळातला, का असावा, असे ती विचारते. हा एक शब्द चुकला की प्रवेशातली सारी व्यथा हरवते. 'नाइस'चा जुना अर्थ 'मूर्ख'. 'लेट' म्हणजे एके काळी 'अडविणे'. टेनिसमधील 'लेट'मध्ये तो अर्थ अजून तग धरून आहे.

१८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झालेला ऑक्सफर्डचा बृहद्कोश मृत शब्द टाकून देत नाही. त्यांच्यापुढे खूण करून, अवतरणांच्या आधारे अर्थांचा कालक्रम दाखवितो. संस्कृतातली 'शिक्षा' मराठीत येऊन दंड झाली, हे जाणणाऱ्या आपल्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. म्हणून वर्गात दुर्मीळ शब्दांची यादी देण्यापेक्षा ओळखीच्या शब्दावर संशय घ्यायला शिकवावे, असे आमचे मत आहे.