पॉपकॉर्नची गोष्ट आणि मतदार

निवडणूक आली की एक किस्सा हमखास फिरतो. सिनेमाच्या पडद्यावर क्षणभर 'पॉपकॉर्न खा' झळकवलं आणि खप वाढला. मतदारही असाच गंडवता येतो म्हणे!

मंडळी, अमेरिकेतल्या जेम्स व्हिकरीचा हा १९५७ चा दावा. १९६२ मध्ये त्यानंच कबूल केलं, माहिती फारच तुटपुंजी होती.

पेटी आणि कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञांचं संशोधन वेगळं सांगतं: विषय स्वतःशी निगडित असला की माणूस मुद्दे तपासतो, नाहीतर बोलणाऱ्याचं वजन बघतो.

म्हणून आम्ही लिहिणाऱ्यांनी आधी विचारावं: प्रयोग कुणी केला, कुठे छापला, दुसऱ्या कुणाला तोच निकाल मिळाला का? नाहीतर 'लोक मूर्ख असतात' हे विज्ञानाच्या नावाखाली आपणच खपवू. लोकांपुढे पाण्याच्या टँकरचा हिशोब मांडा, मुद्दा बरोबर पकडतात.