शाळेच्या जागेआधी पायवाट मोजा

गावात नवी शाळा मंजूर झाली की पहिला प्रश्न निघतो, जागा कोण देतंय? मग कुणीतरी ओढ्यापलीकडची दहा-वीस गुंठे बक्षीसपत्राने देऊन टाकतो, त्याचा सत्कार होतो आणि शाळा तिकडे जाते. देणाऱ्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण मुलं राहतात कुठे आणि येणार कोणत्या वाटेने, हे आधी बघा. सातबारा नंतर.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. खरी मेख आहे ती हे अंतर मोजण्यात. नकाशावर शाळेभोवती गोल काढला की आतल्या सगळ्या वाड्यांची सोय झाली असं धरलं जातं. सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या जलाशयाकाठी खिरखिंडी नावाचं गाव आहे. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत पलीकडे जायच्या आणि पुढे जंगलातून चालत शाळा गाठायच्या. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. अशा ठिकाणी सरळ रेघेचं अंतर सांगून काय उपयोग?

म्हणून ठराव करण्याआधी गावाचा नकाशा तयार करा. अवघड नाही. शून्य ते सहा वयाची मुलं कोणत्या घरात आहेत, हे अंगणवाडीताईंच्या नोंदवहीत असतं. उद्या पहिलीत येणार ती हीच. वाडीवाडीवर जाऊन मोबाइलवर त्या घरांच्या जागी खुणा करा. मुलांची नावं मात्र नकाशावर घालू नका. एका खुणेमागे किती मुलं, एवढं पुरे. मग एखाद्या मुलाचा हात धरून त्याच्या घरापासून ठरलेल्या जागेपर्यंत चाला आणि चाललेली वाट फोनमध्ये नोंदवा. मोठ्या माणसाच्या ढांगा मोजू नका. सहा वर्षांच्या पोराला चढ लागतो, दप्तर जड होतं.

या खुणा आणि वाटा क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत टाकता येतात. गावातला एखादा भूगोलाचा किंवा संगणकाचा विद्यार्थी हे करून देईल. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर उपग्रहचित्रं बघायला मिळतात, गट नंबरांच्या हद्दी महाभूनकाशावर. एकावर एक ठेवून बघा, दान मिळालेला गट वस्तीपासून किती फटकून आहे ते लगेच कळेल.

एक गोष्ट मात्र उपग्रहावर सोडू नका. स्वच्छ चित्र मिळतं ते ढग नसताना, म्हणजे बहुधा हिवाळ्या-उन्हाळ्यात. तेव्हा ओढा कोरडा, पायवाट ठसठशीत. शाळा उघडते जूनमध्ये! पाणी कुठवर चढतं, कोणता साकव बुडतो, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि ती रेघ नकाशावर ओढा. हमरस्ता ओलांडावा लागतो का, डोक्यावरून उच्चदाबाची तार जाते का, हेही त्यातच आलं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची घरं दिवाळीनंतर बंद दिसतील. त्यांची मुलं खुणांतून गाळू नका.

शाळा उघडताना जे मोजायचं, तेच बंद करतानाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिळवून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ पासून राज्यात पुढे आला आहे. मोठ्या शाळेत विषयाला शिक्षक मिळतात, खेळायला सवंगडी मिळतात, हे खरंच आहे. पण वाडीवरून तिथवर गाडी रोज, पावसातसुद्धा येणार का, याचं उत्तर लेखी घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात. तुम्ही विचारलंत तर उत्तर द्यावंच लागेल.

पुढच्या ग्रामसभेत जागेचा ठराव आला तर आधी नकाशा मागा. तो नसेल, तर नकाशा होईपर्यंत ठरावाला हात वर करू नका.